के-पॉपच्या मागे डॅलसपर्यंत

अमेरिकेला जाऊन नायगारा पाहिला नाही, म्हणून सांगलीत मला अजून बोलणी बसतात. शेजारच्या काकू परवाही म्हणाल्या, "मग सहा आठवडे तिकडे केलंस तरी काय?" मी म्हटलं, "गाडीत बसून उत्तरेला गेले, कोरियन मुलींचा नाच पाहिला आणि मायलेकींच्या भांडणात पडले." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण मी केलं ते एवढंच, आणि ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहून काढते आहे.

शुगर लँड

माझी भाची अनघा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते. ती आणि तिचा नवरा मंदार, दोघंही तेलाच्या क्षेत्रातले इंजिनिअर. गावाचं नाव ऐकून मला आपल्या साखर कारखान्यांची आठवण झाली होती, पण तिथे उसाचं कांडंही दिसलं नाही. दिसली ती एकसारखी घरं, एकसारखी हिरवळ, आणि रस्त्यावर चालणारं एकही माणूस नाही. जुलै महिना. दार उघडलं की तोंडावर कुणी ओला गरम टॉवेल टाकल्यासारखं व्हायचं. मंदार कामासाठी समुद्रातल्या तेलविहिरीवर गेला होता. घरात आम्ही तिघी: अनघा, मी आणि अनघाची सतरा वर्षांची मुलगी ईशा.

मला विश्रांतीसाठी बोलावलं होतं. स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी घरभर फिरत होते तर गॅरेजमधून धपधप आवाज आला. गाडी बाहेर काढून ईशाने तिथे भिंतीला आरसा लावला होता. मोबाइलवर एक कोरियन गाणं, आणि ती त्यातला आठ मात्रांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा करत होती. हात वर, मान डावीकडे, गिरकी. थांबली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेर शंभरच्या वर फॅरनहाइट, गॅरेजला एसी नाही, आणि पोरगी तासभर थांबली नाही. मी दारातल्या पायरीवर बसून राहिले. रियाज ओळखायला भाषा यावी लागत नाही.

रात्रीच्या स्वयंपाकाला अनघाने मला ओट्याशी गाठलं.

"मावशी, तू बोल ना तिच्याशी. पुढच्या वर्षी कॉलेजची अ‍ॅप्लिकेशन्स आहेत आणि हिच्या डोक्यात कोरियातलं सोल. ट्रेनी व्हायचं म्हणते."

"ट्रेनी म्हणजे?"

"कंपनी ठेवून घेते. नाच, गाणं, भाषा सगळं शिकवते. मग वर्षानुवर्षं वाट बघायची. एखाद्या ग्रुपमध्ये घेतलं तर घेतलं, नाहीतर परत घरी. शनिवारी डॅलसला तिच्या लाडक्या ग्रुपचा शो आहे, तेवढा दाखवायचं मी कबूल केलंय. त्या प्रवासात सांग तिला. तू ऑर्केस्ट्रात होतीस. यात पुढे काय होतं ते तुला माहितीये."

आता हे सांगायला हवं. एकोणिसाव्या वर्षी मी बी.एस्सी. अर्धवट सोडून एका ऑर्केस्ट्रात गायिका म्हणून गेले. अकरा वर्षं गायले. गणपती, नवरात्र, कारखान्यांची मैदानं, जत्रा. मग तो धंदा बघता बघता बसला, आणि मी शाळेत संगीत शिकवायला लागले. त्याचा शेवट मला माहीत होता, एवढं खरं. पण त्यावरून एखाद्या मुलीला जा म्हणावं की जाऊ नको म्हणावं, हे मला साठी उलटली तरी ठरवता आलेलं नाही.

"बघते," मी म्हटलं.

उत्तरेचा रस्ता

शुक्रवारी सकाळी निघालो. अनघा ड्राइव्ह करत होती, मी तिच्या शेजारी, ईशा मागे कानात इअरफोन घालून. टेक्ससचा रस्ता म्हणजे सरळ रेघ. दोन्ही बाजूंना गवत, मधूनच गुरं. वाटेत ज्या पेट्रोलपंपावर थांबलो, तो आमच्या मार्केट यार्डाएवढा होता. आत कपडे, लोणची, भाजलेलं मांस, मासेमारीचे गळ, सगळं मिळत होतं. तिथे कोलाची नावाचा गोडसर पाव खाल्ला, मध्ये जर्दाळूचा मुरांबा. फार पूर्वी युरोपातून आलेल्या लोकांनी इथे आणलेला पदार्थ, असं गल्ल्यावरच्या बाईने सांगितलं. आता तो टेक्ससचाच झालाय. मी घरून करून आणलेली थालीपीठं काढली तर ईशा पुढे वाकून म्हणाली, "आजी, आर देअर मोअर?" चार खाल्ली. दोन दिवसांत तिने माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

मी संधी साधली. "हे के-पॉप, ही तुमची कोरियन नाचगाणी, किती दिवस चालणार गं?"

अनघाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ईशाने इअरफोन काढले.

"सगळे तेच विचारतात. मी मिडल स्कूलमध्ये होते तेव्हापण डॅडी म्हणायचे, इट्स अ फेज. अजून आहे ना?"

"आहे. पण वाढतंय का?"

"ऑफ कोर्स. शोज मोठ्या अरीनात होतात आता. बट..." ती थांबली. "माझ्या मिडल स्कूलच्या फ्रेंड्सपैकी आता मी एकटीच उरले. बाकीच्या मूव्ह ऑन झाल्या."

एवढं बोलून तिने इअरफोन पुन्हा घातले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्या त्या 'बट'ने मला पुढचा सगळा रस्ता बेचैन केलं.

कॅरल्टन

डॅलसच्या उत्तरेला कॅरल्टन नावाचं गाव आहे. तिथे एका चौकात उतरलं की सगळ्या पाट्या कोरियन. किराणा, दंतवैद्य, बेकरी, वकील, चर्च. इस्त्रीच्या दुकानाबाहेर दोन म्हातारे पंखा हलवत बसले होते. अमेरिकेत आल्यापासून मला पहिल्यांदाच रिकामटेकडी माणसं दिसली आणि जिवाला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तिथल्या एका खाणावळीत जेवलो. एक गरम, कडेला कुरकुरीत पोळी आली. तुकडा मोडला आणि मी चाटच पडले. भिजवलेले मूग वाटून केलेलं धिरडंच ते! फक्त आत कोबीचं आंबवलेलं लोणचं, म्हणजे त्यांची किमची. मी मालकिणीला हातवारे करून सांगितलं की आमच्याकडेही हेच करतात. तिने आत जाऊन मला भिजवलेल्या मुगांची वाटीच आणून दाखवली. आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो.

शेजारी अल्बमचं दुकान. मालकीण मिसेस हान, माझ्याच वयाच्या. ईशा आत शिरताच हरवली. एक अल्बम म्हणजे चांगला जाडजूड खोका: सीडी, फोटोंचं पुस्तक, आणि ग्रुपमधल्या कुणा एकीचं पत्त्यांसारखं छोटं कार्ड. कोणाचं निघेल ते खोका उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्यासमोर एका मुलीने एकाच अल्बमचे आठ खोके घेतले, दुकानातल्या टेबलावर बसून भराभर फोडले, आठ कार्डं काढून पाकिटात घातली आणि सात खोके दाराशी ठेवलेल्या पेटाऱ्यात टाकून निघून गेली. पेटाऱ्यावर लिहिलं होतं: फुकट, घेऊन जा.

मी पेटाऱ्यात डोकावले. कोऱ्या सीड्या. एकही वाजलेली नाही.

"ह्या कोण ऐकतं?" मी मिसेस हानना विचारलं. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "सीडी प्लेअर कुणाकडे आहे?"

"मग हा धंदा टिकेल?"

त्यांनी स्टूल ओढून मला बसवलं. "मी या देशात आले तेव्हा कोरियन मालिकांच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने देत होते. बायका शुक्रवारी रांग लावायच्या. ते संपलं. मग केसांचे चाप, सौंदर्यप्रसाधनं. मग या मुली आल्या. काळ्या, गोऱ्या, मेक्सिकन, तुमच्या. मला वाटलं, देव पावला. आताही विक्री छान आहे. पण मी तोंडं बघते ना. पूर्वी दर आठवड्याला नवीन तोंड दिसायचं. आता त्याच मुली येतात. फक्त एकेक जण जास्त खोके घेते."

मला एकदम आमच्या ऑर्केस्ट्राची शेवटची तीन वर्षं आठवली. कार्यक्रम वाढले होते. दिवे वाढले होते, धूर सोडायचं यंत्र आलं होतं, एकाऐवजी दोन निवेदक. आमचे मालक छाती फुगवून म्हणायचे, "धंदा वाढलाय!" पण बोलावणारी मंडळं तीच होती. समोर बसणारी माणसं तीच होती. नवीन पोरं मांडवाबाहेर उभी राहून भलतंच काहीतरी ऐकत होती. ते आम्हाला मंचावरून दिसत होतं, पण दिसलं असं कुणी म्हणत नव्हतं.

"तुम्ही हे कुणाला सांगता का?" मी विचारलं.

"विकणाऱ्या बाईने कसं सांगायचं?" मिसेस हान म्हणाल्या आणि उठून खोके लावायला लागल्या.

अरीना

शोच्या दारात माझी फजिती झाली. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते. माझी कापडी पर्स रखवालदाराने दोन बोटांत उचलली आणि मान हलवली. मग माझं सगळं सामान, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या, सुपारीची डबी, जपमाळ आणि एक बदलायचा ब्लाउज, ईशाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जगजाहीर झालं. मागची दोन मुलं हसली. ईशा मात्र हसली नाही. तिने पिशवी छातीशी धरली आणि ब्लाउजवर आपलं जॅकेट टाकलं.

आत सगळं विमानतळासारखं मोठं. हजारो मुली हातात दिव्याच्या काठ्या घेऊन, आणि गाण्यानुसार सगळ्यांच्या काठ्यांचा रंग एकाच क्षणी आपोआप बदलायचा. माझ्या शेजारी एक गोरी आजी नातीबरोबर आली होती. तिने मला कापूस दिला, कानात घालायला. मंचावर मुली पाच. काय त्यांची मेहनत! एकीचाही पाय मागेपुढे नाही. एवढ्या नाचात इतका सपाट श्वास येणं शक्य नाही, त्यामुळे अर्धं गाणं आधी ध्वनिमुद्रित केलेलं आहे हे मला कळलं, पण मला राग आला नाही. त्यांच्यातल्या एकीच्या गुडघ्याला पट्टी होती. तिसऱ्या गाण्यानंतर तिला उंच स्टुलावर बसवलं आणि ती बसूनच हातवारे करत गायली. लोक तिच्यासाठी सगळ्यात जास्त ओरडले. इचलकरंजीत मी तापाने फणफणत गायले होते तेव्हाही टाळ्या अशाच जास्त पडल्या होत्या, आणि मला त्या आवडल्या होत्या. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मंचावर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर आधी गर्दीच्या कडेला जाते. मी वर पाहिलं. सगळ्यात वरचा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळ्या कापडाने झाकला होता. आमचे मालक अशा वेळी खुर्च्या लांब लांब मांडायचे.

"तिकडे काय आहे?" अनघाने विचारलं.

"रिकाम्या खुर्च्या," मी म्हटलं.

ईशाने ऐकलं. तिने वर पाहिलं, मग पुन्हा मंचाकडे, आणि आधीपेक्षाही मोठ्याने गायला लागली.

सही

रविवारी सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला वॉफलचं, म्हणजे साच्यात भाजलेल्या जाड गोड धिरड्याचं, यंत्र होतं. त्यातून टेक्ससच्या नकाशाच्या आकाराचं वॉफल निघतं; ही माणसं आपल्या राज्याला इतकी मानतात की खातातसुद्धा. अनघा खोली आवरायला वर गेली होती. ईशाने माझ्यापुढे एक कागद सरकवला.

"आजी, आज कॅरल्टनमध्ये ऑडिशन आहे. कोरियन कंपनीची. मी रजिस्टर केलंय. मी एटीन नाहीये ना, सो फॅमिलीतल्या अ‍ॅडल्टची सही लागते. मम्मा नाही करणार. प्लीज."

मी पेन हातात घेतलं, हे कबूल करते. मला त्या क्षणी ती सही इतकी करावीशी वाटली की बोटं दुखली. मग मी पेन खाली ठेवलं.

"तुझ्या आईला चोरून नाही करणार."

"तुम्हीपण?" तिचे डोळे भरले. "आय थॉट तुम्हाला तरी कळेल."

अनघा खाली आली तेव्हा कागद टेबलावरच होता. तिने वाचला, घडी घातली, म्हणाली, "गाडीत बसा." अनघाने हायवे धरला, दक्षिणेचा, घरचा. ईशा मागे तोंड झाकून रडत होती. आवाज न करता रडायला पोरी कुठे शिकतात कोण जाणे.

दहा मिनिटं मी रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या. मग राहवलं नाही.

"अनघा, तू मला म्हणालीस ना, हिला सांग पुढे काय होतं. सांगू?"

"सांग."

"संपतं. मला दोन्हीकडे दिसलं. ते दुकान, तो वरचा पडदा. एकदम नाही संपणार, पण ज्या वेगाने वाढलंय तसं वाढत राहणार नाही. ईशा, ऐकतेस ना?"

आरशात तिने तोंडावरचे हात काढलेले दिसले.

"आता दुसरं सांगते. मी ऑर्केस्ट्रात गेले ते घरात न सांगता. तुझ्या आजोबांनी, आबांनी, नाहीच म्हटलं असतं म्हणून विचारलंच नाही. अकरा वर्षं गायले. कार्यक्रम सांगलीत झाला, घरापासून दोन गल्ल्या सोडून, तरी घरचं माणूस एकदाही ऐकायला आलं नाही. तुझी आई, माझी सख्खी बहीण, तीही नाही. ऑर्केस्ट्रा बंद पडला त्याचं दुःख ओसरलं. हे नाही ओसरलं. तू नाही म्हण हवं तर. पण आत येऊन, बघून नाही म्हण."

एक फाटा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या फाट्याला तिने इंडिकेटर दिला, पुलाखालून गाडी वळवली आणि उत्तरेला लागलो.

"माझी आई कधीच आली नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मला हे माहीत नव्हतं."

स्टुडिओ

ऑडिशन एका नाचाच्या स्टुडिओत होती. बोळात नंबर चिकटवलेल्या मुली भिंतीला टेकून बसलेल्या. तेलुगू, व्हिएतनामी, मेक्सिकन, गोऱ्या. अनघाने बोर्डावर कागद ठेवून सही केली. अक्षर इतकं दाबून की मागे उमटलं.

स्टुडिओत शिकवणारी मिन्जी नावाची पंचविशीची मुलगी आम्हाला पाणी घेऊन आली. तीही डॅलसचीच, चार वर्षं सोलमध्ये ट्रेनी होती. तिच्या ग्रुपची घोषणा व्हायच्या आधीच कंपनीने बेत बदलला.

"पश्चात्ताप होतो?" अनघाने थेट विचारलं.

"सोमवारी होतो," मिन्जी म्हणाली. "मंगळवारी नाही. काकू, मला उत्तर सापडलं की तुम्हाला फोन करीन."

अनघा पहिल्यांदाच हसली.

ईशाला पाच जणींबरोबर आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. गॅरेजमधला तोच तुकडा तिने केला, आणि गिरकीनंतर जिथे रोज पाय अडखळायचा तिथे अडखळला नाही. अनघाने माझं मनगट धरलं होतं. संपलं तेव्हा त्यावर बोटांचे ठसे होते. कंपनीच्या माणसाने दोघींना थांबायला सांगितलं. त्यातली एक ईशा.

त्याने सांगितलं की निवडलेल्या मुलींचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण इथेच अमेरिकेत होईल, मग पुढे ठरेल. काही विचारायचंय का? ईशाने विचारलं, "मागच्या वेळी इथून घेतलेल्या मुलींपैकी आता किती आहेत?"

त्या माणसाने कागद चाळले. "चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या मुलीकडे वळला.

परतीच्या रस्त्यावर मायलेकी बोलत होत्या. शाळा सोडायची नाही, कॉलेजचे अर्ज भरायचे, आणि प्रशिक्षणाला जायचं. तह असा झाला. मी मागच्या सीटवर होते. दोघी खुशीत होत्या आणि मलाच चैन पडत नव्हतं. मी हिला ज्यात ढकललं त्याचं काय होतं हे माहीत असूनही ढकललं, असं वाटत होतं. शुगर लँडला पोचेपर्यंत मी तीन वेळा पाणी मागितलं.

सांगली

मी परत आले. दोन महिन्यांनी, इथे संध्याकाळचे दिवे लागत असताना, ईशाचा फोन आला. तिकडे रविवारची सकाळ होती.

"आजी, मागच्या महिन्यात ईमेल आला. कंपनीने अमेरिकेतला प्रोग्रॅम बंद केला. रिस्ट्रक्चरिंग म्हणतात. आय वॉज इन. आणि आता कुठे 'इन'च नाही."

मी खुर्चीत बसले. "रडलीस?"

"खूप. मम्मापण रडली. इट वॉज वीअर्ड, मला वाटलं ती खुश होईल."

"आता काय करणार?"

"टेक्ससमधून ज्यांना घेतलं होतं ना, त्या सगळ्यांना मी शोधलं. नऊ जणी आहोत. मिन्जी स्टुडिओ देतेय, एक संडे सोडून एक. आम्ही आमचं करतोय. कंपनी नाही, कोणी नाही."

"कॅरल्टनला? चार तास जायला, चार तास यायला?"

"मम्मा ड्राइव्ह करते. ती बोळात लॅपटॉप घेऊन बसते. लास्ट टाइम ती आत आली आणि व्हिडिओ काढत बसली, सो एम्बॅरसिंग."

मला हसू आलं आणि रडूही. मग जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, ते तोंडातून गेलंच.

"किती दिवस चालेल गं हे?"

पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. अनघा मराठीत काहीतरी ओरडली, पाण्याच्या बाटलीबद्दल.

"माहीत नाही, आजी," ईशा म्हणाली. "पण या रविवारी आहे. आम्ही निघालोय."